गळ्यातलं मडकं

वारसा म्हटलं की आपल्याला शनिवारवाडा दाखवतात. मडकं कोण दाखवतो? पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याच्या गळ्यात मडकं, कमरेला झाडू असायचा, हे बाबासाहेबांनी १९३६ साली ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये लिहिलंय. दीक्षेनंतर पाच वर्षांनी, १९६१ ला नागपुरात जन्मलेल्या सवी सावरकरांनी (ते सावरकर नव्हेत!) तेच मडकं चित्रात आणलं. तैलरंगात, आणि एचिंगमध्येही. एचिंग म्हणजे पत्र्यावर मेणासारखा लेप, त्यावर सुईनं ओरखडे, मग पत्रा ॲसिडात. ओरखडा पडला तिथंच ॲसिड धातू खातं. रेघ जास्त काळी हवी तर जास्त वेळ बुडवायचं. खाचेत शाई भरून ओला कागद दाबायचा. आपल्यातलेच काही म्हणाले, ही लाज भिंतीवर कशाला? अरे, लाज मडकं बांधणाऱ्यांची! मी मंडळाच्या खोलीत बाबासाहेबांच्या फोटोशेजारीच त्या चित्राचं छापील पान लावलं. अजून तिथंच आहे.