ठिणगी आणि तापलेली कॉईल

नाशिककरांना मायको सर्कल सांगावे लागत नाही. १९५१ मध्ये सुरू झालेल्या मायकोने पुढे सातपूरला कारखाना काढला. २००८ मध्ये कंपनीचे नाव बॉश झाले, चौकाचे मात्र मायकोच राहिले. गंमत अशी की, नाशिकचा कारखाना ओळखला गेला तो डिझेलच्या नोझल-इंजेक्टरसाठी. डिझेल इंजिनाला ठिणगी लागत नाही. बॉशचे नाव जगभर झाले ते मात्र ठिणगीमुळेच.

ही ठिणगी आली कुठून? १८३६ मध्ये आयर्लंडचे धर्मगुरू निकोलस कॅलन यांनी लोखंडावर तारेचे दोन वेढे गुंडाळून छोट्या बॅटरीतून मोठा दाब मिळवला. आजची कॉईल त्याच तत्त्वावर चालते : बारा व्होल्ट आत, वीस हजारांहून जास्त बाहेर. १९०२ मध्ये बॉशच्या गॉटलोब होनोल्ड यांनी बॅटरीशिवाय चालणारा उच्च दाबाचा मॅग्नेटो बनवला. १९१० च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांची बॅटरी आणि कॉईलची पद्धत आली आणि रस्त्यावरच्या गाड्यांनी तीच धरली.

शर्यतीच्या गाड्या मात्र बराच काळ मॅग्नेटोवरच राहिल्या. वेग वाढला की मॅग्नेटोची ठिणगी जोमदार होते, कॉईलची क्षीण. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ६००० फेरे घेते तेव्हा एकट्या कॉईलला सेकंदाला २०० ठिणग्या द्याव्या लागतात. भरायला वेळच उरत नाही. म्हणून आज प्रत्येक प्लगला स्वतंत्र कॉईल असते. वेळेचा प्रश्न सुटला, पण कॉईल थेट तापलेल्या इंजिनावर जाऊन बसली. उष्णतेने आतल्या तारेवरचे आवरण कमकुवत होते, ठिणगी प्लगपर्यंत न जाता वाटेतच गळते आणि ट्रॅकवर चौथ्या-पाचव्या फेरीत गाडी मिसिंग करू लागते.

गाडी गॅरेजमध्ये येईपर्यंत कॉईल थंड होते. मीटर लावला तर सगळे ठीक! मग दोष पेट्रोलला, नाहीतर पोऱ्याच्या हाताला. अनुभवी उस्ताद मात्र गाडी तापवून पाहतो, संशयित कॉईल दुसऱ्या सिलिंडरवर बसवतो. मिसिंग तिच्यामागे गेले, तर चोर सापडला. तो प्लगही तपासतो, कारण झिजलेल्या प्लगची फट वाढते, तिला जास्त दाब लागतो आणि नवी कॉईलही त्याच वाटेने जाते.

थंड असताना निर्दोष ठरलेल्या वस्तूची परीक्षा तापल्यावरच होते. आणि तोवर पोऱ्याला बोल लावू नये, हेही शागिर्दी करतानाच शिकायचे असते.