तवंगातून उलगडलेले पेशीचे आवरण

पेशीभोवतीचे आवरण दुपदरी असते ही गोष्ट आज शाळकरी मुलालाही ठाऊक आहे; परंतु जे आवरण तोवर कोणाच्याही सूक्ष्मदर्शकात स्पष्ट दिसले नव्हते, त्याचे पदर मोजण्याची तजवीज कशी झाली हे शोधू लागले, की आपण पाण्यावरच्या तेलाच्या तवंगापाशी आणि जर्मनीतील ब्राउनश्वाइग नगरातल्या एका स्वयंपाकघरापाशी येऊन पोहोचतो.

त्या घरातील आग्नेस पॉकेल्स यांना विद्यापीठात शिकण्याची मुभा नव्हती, कारण त्या काळी तेथे स्त्रियांना प्रवेशच नव्हता. आजारी आईवडिलांची शुश्रूषा आणि संसाराची उस्तवार सांभाळीत असतानाच, स्निग्ध पदार्थांनी मळलेल्या पाण्याचा पृष्ठभाग कसा पालटतो याकडे त्यांचे लक्ष वेधले. काठोकाठ भरलेले पत्र्याचे पसरट पात्र, तवंग मागेपुढे लोटण्यासाठी त्यावर आडवी ठेवलेली पत्र्याची पट्टी, आणि पृष्ठभागाची ओढ मोजण्यासाठी तराजूला टांगलेले एक साधे बटण, एवढ्याच सामग्रीवर बाईंनी जी मोजमापे घेतली, ती १८९१ च्या जानेवारीत पत्राने लॉर्ड रॅले यांना कळविली. आणि त्या थोर मनाच्या शास्त्रज्ञाने ते पत्र आपल्या शिफारशीसह ‘नेचर’कडे धाडून त्याच मार्चमध्ये प्रसिद्ध करविले. हे पात्र सुधारून १९१७ साली अमेरिकेत आयर्व्हिंग लँगम्यूर यांनी दाखविले, की तवंगातील रेणू एकेरी थरात, जलप्रिय टोक पाण्यात आणि स्निग्ध शेपटी वर, असे उभे राहतात. १९३२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी सत्तरीच्या पॉकेल्सबाईंना सन्मान्य डॉक्टरेट देण्यात आली. हा विलंब मला आजही बोचतो.

दरम्यान, १८९० नंतरच्या दशकात अर्नेस्ट ओव्हर्टन यांनी स्निग्धात विरघळणारे पदार्थ पेशीत झपाट्याने शिरतात हे दाखविले होते, तेव्हा आवरण स्निग्ध असावे हा तर्क होताच. हॉलंडमधील लायडन येथील बालरोगतज्ज्ञ एव्हर्ट गोर्टर आणि त्यांचे सहकारी ग्रेंडेल यांनी तो १९२५ साली हिशेबात उतरविला. सस्तन प्राण्यांच्या तांबड्या रक्तपेशीत केंद्रक नसते, आतील पडदेही नसतात. म्हणून तिच्यातील सारी चरबी बाह्य आवरणाचीच, हे त्यांनी नेमके हेरले. अ‍ॅसिटोनने ती चरबी काढून पाण्यावर पसरली, तर तिच्या एकेरी थराचे क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या सुमारे दुप्पट भरले; म्हणजे आवरण दुपदरी असले पाहिजे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. पुढील फेरतपासणीत दोन चुका आढळल्या: चरबी पुरती निघाली नव्हती, आणि पेशींचे क्षेत्रफळही कमी धरले गेले होते, मात्र दोन्ही चुका परस्परांत वळत्या झाल्याने निष्कर्ष अबाधित राहिला. यास निव्वळ दैवयोग म्हणणे मला अन्यायाचे वाटते, कारण योग्य पेशीची निवड दैवाने केली नव्हती.

तथापि केवळ चरबीच्या आवरणातून साखर व क्षार आत कसे जातात, हे कोडे उरलेच. १९३५ साली डॅनिएली व डॅव्हसन यांनी त्या दुपदराच्या दोन्ही अंगांना प्रथिनांचा लेप कल्पिला. १९७२ साली सिंगर व निकल्सन यांनी प्रथिने खुद्द त्या प्रवाही पदरांतच रुतलेली, काही तर आरपार गेलेली, असल्याचे प्रतिपादन केले. प्राणवायू चरबीतून थेट पार होतो. ग्लुकोज, सोडियम व पोटॅशियम यांची ये-जा मुख्यतः या प्रथिनांच्याच वाटेने चालते.