चौकटींमधील अंतर (चित्रकथा)
चित्रकथेतील दोन चौकटींच्या मध्ये सोडलेली कोरी पट्टी. कथा खरी पुढे सरकते ती इथेच. स्कॉट मॅक्लाउड या अमेरिकी चित्रकथाकाराने ‘अंडरस्टँडिंग कॉमिक्स’ (१९९३) मध्ये एका चौकटीतून दुसरीत जाण्याचे सहा प्रकार सांगितले. त्याने दिलेले उदाहरण फार बोलके आहे : पहिल्या चौकटीत उगारलेली कुऱ्हाड, दुसरीत रात्रीचे शहर आणि किंकाळी. घाव कुठेच काढलेला नाही. तो वाचक मनातल्या मनात घालतो. जपानी मांगांत (चित्रकथांत) या सहांपैकी एक, म्हणजे एकाच वातावरणाची निरनिराळी अंगे सावकाश दाखवण्याची रीत विशेष आढळते. मॅक्लाउडच्या आधी आलेल्या, चित्रकथाकार विल आयस्नरच्या ‘कॉमिक्स अँड सिक्वेन्शिअल आर्ट’ (१९८५) या पुस्तकामागे न्यूयॉर्कच्या स्कूल ऑफ व्हिज्युअल आर्ट्समधील त्याचे अध्यापन होते. हे अंतर वापरायला शिकण्यासाठी नवशिक्यांना उत्तम सराव म्हणजे आठ चौकटींचा प्रसंग अर्थ न गमावता चारांत बसवणे.