करंड्यातले रसायन

‘नैसर्गिक घ्यावे की शास्त्रीय?’ हा प्रसाधनांविषयीचा प्रश्न आजकाल घरोघरी पडतो. त्याचा मागोवा घ्यायला मी क्रीम-पावडरीऐवजी कुंकवाचा करंडा निवडला, कारण हे दोन्ही पक्ष त्यात फार पूर्वीपासून एकत्र नांदत आले आहेत.

संस्कृतात कुंकुम म्हणजे केशर. आपल्या घरातले कुंकू मात्र हळदीचे. हळकुंडाचे तुकडे लिंबाचा रस, टाकणखार आणि तुरटीत मुरवायचे, वाळवायचे, कुटून वस्त्रगाळ करायचे. पिवळी हळद लाल होते ती यातच. हळदीतले कुर्कुमिन आणि टाकणखारातले बोरॉन आम्लाच्या संगतीत एकत्र येऊन लाल संयुग बनते. प्रयोगशाळेत बोरॉन ओळखायला हळदीचा कागद वापरतात, तो याच गुणामुळे. म्हणजे ‘शुद्ध नैसर्गिक’ कुंकू ही मुळात एक रासायनिक कृतीच! ती करणाऱ्या बायकांना मात्र कोणी रसायनशास्त्रज्ञ म्हटले नाही.

दुसरी रीत चुन्याची. चुन्याने हळद लगेच लाल होते, पण आम्ल लागताच पुन्हा पिवळी पडते. घाम बहुधा किंचित आम्लधर्मी असतो. टाकणखाराची खटपट त्यासाठीच होत असावी, असा माझा तर्क आहे.

याउलट, हिंगूळ आणि शेंदूर पाहा. हिंगूळ खाणीतून निघतो, अगदी निसर्गदत्त. पण तो पाऱ्याचा सल्फाइड आहे. शेंदूर हा शिशाचा ऑक्साइड. मारुतीच्या मूर्तीला तो शोभतो, रोज कपाळाला लावायची ती वस्तू नव्हे.

पुढे कृत्रिम रंग आले. स्वस्त, भडक, न विटणारे. सोलापूर जिल्ह्यातले केम कुंकवासाठी प्रसिद्ध आहे, पंढरपूरच्या पेठेत कुंकवाचे ढीग लागतात; पण ढिगाकडे पाहून त्यात हळद किती आणि रंग किती हे कोण सांगणार? १९८६ साली गोह आणि कोझुका या त्वचातज्ज्ञांनी कुंकवामुळे कपाळावर काळपट डाग पडल्याची नोंद प्रसिद्ध केली. तपासलेल्या कुंकवात त्यांना ‘ब्रिलियंट लेक रेड आर’ आणि ‘सुदान १’ हे रंग सापडले.

तोवर टिकली आली होती. जुन्या बायका आधी मेणाचा ठिपका लावून त्यावर कुंकू रेखत. फणेरपेटीत मेणाची डबी असायचीच. त्या मेणाने कुंकू टिके आणि पूड थेट कातडीला लागत नसे, हा फायदा वेगळा. टिकलीने मेणाची जागा गोंदाला दिली. त्या गोंदातल्या पॅरा-टर्शरी-ब्युटाइल-फिनॉलमुळे कपाळावर पांढरे डाग पडतात, हे भारतीय डॉक्टरांनी १९९० साली दाखवून दिले. तेव्हा दोष कुंकवाच्या रंगावर ढकलून चालण्यासारखे नव्हते. टिकलीची मागची बाजूच बोलत होती. आणि हे शोधून काढले ते शास्त्रानेच, हेही विसरू नये.

१९४० च्या औषध कायद्यात १९६२ च्या दुरुस्तीने सौंदर्यप्रसाधने आली. शिसे आणि आर्सेनिकची संयुगे रंगासाठी वापरायला नियमांनी बंदी घातली. पण बाजारातल्या सुट्या कुंकवाच्या पुडीवर घटकांची यादी कुठे असते?

‘लिंबू पिळा, खरे कुंकू पिवळे पडेल’ अशी एक परीक्षा सांगतात. ती चुन्याच्या कुंकवाला लागू पडते. टाकणखाराचे अस्सल कुंकू मात्र लिंबाच्याच रसात मुरलेले असते, त्याला या परीक्षेत नापास करू नये.