शंकरपट

शंकरपट : पूर्व विदर्भात धानाची कापणी आणि चुरणी (मळणी) आटोपल्यावर रिकाम्या शेतात होणारी बैलजोड्यांची शर्यत, आणि तिच्या निमित्ताने भरणारा दोन-तीन दिवसांचा गावमेळा. बोलण्यात नुसते ‘पट’. ‘आमच्या गावी पट आहे’ असे चंद्रपूर-गडचिरोलीकडचा माणूस म्हणतो तेव्हा तो शर्यतीची बातमी देत नसतो, जेवायला आणि रात्रीच्या नाटकाला बोलावत असतो. मुंबई-पुण्यात जुन्या मोटारी धुऊनपुसून रांगेने उभ्या करतात, मालक शेजारी उभा राहून आपल्या गाडीची कुळकथा सांगतो आणि येणारे-जाणारे चाकांपासून दिव्यांपर्यंत सगळे निरखतात. तशा मेळाव्याची या जंगलपट्ट्यातली जोड शोधायची तर ती पटातच सापडते. फरक एवढाच, की इथे वाहन आणि इंजिन वेगवेगळे दाखवायला आणतात, आणि लोकांचे डोळे इंजिनावर असतात.

नाव शंकराशी जोडले जाते, कारण नंदी त्याचे वाहन. ‘पट’ म्हणजे जोड्या धावतात ती लांब पट्टी. हंगाम साधारण डिसेंबरपासून महाशिवरात्रीच्या आगेमागेपर्यंत. त्याआधी दिवाळीच्या भाऊबीजेपासून गावोगावच्या मंडया (गावजत्रा) सुरू झालेल्या असतात. मंडई आणि पट हे दोन वेगळे प्रसंग. पण दोन्हींच्या मागे एकच कारण आहे, ते म्हणजे घरात आलेले धान.

भूभाग. वैनगंगेच्या दोन्ही काठांवरचा, म्हणजे भंडारा, गोंदिया, चंद्रपूरचा पूर्व भाग (ब्रह्मपुरी, नागभीड, सिंदेवाही, मूल, सावली) आणि गडचिरोलीचा उत्तर भाग (वडसा, आरमोरी, कुरखेडा) हा पट्टा ‘झाडीपट्टी’ म्हणून ओळखला जातो. गडचिरोली 26 ऑगस्ट 1982 रोजी चंद्रपूरमधून वेगळा जिल्हा झाला. पटाच्या आमंत्रणांना ती सीमा कधी आड आली नाही. चंद्रपूरचा पश्चिम भाग, वरोरा-राजुऱ्याकडचा, काळ्या मातीचा आणि कापसाचा. तिथला शेतकरी डिसेंबरात कापूस वेचत असतो, तेव्हा धानपट्ट्यातला मोकळा झालेला असतो. पटाची जागा आणि पटाची सवड या दोन्ही गोष्टी धानाने दिल्या आहेत. शहराच्या मैदानाला जे भाडे पडते ते इथे पडत नाही, कारण कापणी झालेली बांधी (धानाचा वाफा) बहुधा रिकामीच असते.

मात्र बांधी जशी आहे तशी धावायला चालत नाही. झाडीपट्टीतले शेत लहान-लहान बांध्यांचे, प्रत्येकीला धुरा (बांध). सलग पट्टी हवी तर मधले धुरे फोडावे लागतात, चिखलणीच्या वेळचे खड्डे आणि वाळलेली ढेकळे सारखी करावी लागतात, धानाचे बुडखे काढावे लागतात. पाच-सहा शेतकऱ्यांच्या बांध्या एका ओळीत आल्याशिवाय पट्टी होत नाही. म्हणून ज्या गावात भावकीची भांडणे कोर्टात गेलेली असतात, तिथे पट भरवणे अवघड. पट संपला की धुरे पुन्हा जागच्या जागी बांधून द्यायचे, हा तोंडी करार असतो आणि तो पाळला नाही तर पुढच्या वर्षी जमीन मिळत नाही. पटाच्या आयोजनातले हे सगळ्यात कमी दिसणारे आणि सगळ्यात कठीण काम.

वाहन. या भागात बैलगाडीचे प्रकार कामावरून ठरत. शेणखत, धान, लाकूड वाहायला जड ‘बंडी’. माणसांना गावोगाव न्यायला हलकी ‘रेंगी’ किंवा ‘खाचर’. पटाला लागतो तो ‘छकडा’ : दोन चाके, दांडी आणि उभे राहण्या-बसण्यापुरता सांगाडा. वजन जितके काढता येईल तितके काढलेले. हाकणारा तो ‘धुरकरी’. जोडी एकाची, छकडा दुसऱ्याचा आणि धुरकरी तिसऱ्याच गावचा, असेही होते. चांगल्या धुरकऱ्याला हंगामभर मागणी असते.

बैलांविषयी थोडे सांगितले पाहिजे. ‘कठाणी’ ही या भागाची स्वतःची, नोंद झालेली गोवंशजात. अंगाने लहान, काटक. चिखलात नांगर ओढणे हे तिचे खरे काम. वर्धा-नागपूरकडचा ‘गवळाऊ’ उंच आणि चपळ. पटाचा शौकीन पायाकडे पाहतो आणि लांबून बैल विकत आणतो. त्यामुळे पटाच्या मैदानात उभी असलेली देखणी जोडी पुष्कळदा या मातीतली नसते, आणि जी इथली ती मालकाला घेऊन आलेली, प्रेक्षकांत, खाचराला बांधलेली असे. पटाच्या बैलाला शेतकाम जवळजवळ नसते. त्याला ढेप, सरकी, उडीद, तूप असा खुराक मिळतो, रोजची चाल मिळते, आणि तो पटाला येतो तोही पायी नव्हे, पिकअप गाडीतून.

रीत. दोन पद्धती रूढ आहेत. एकीत दोन जोड्या शेजारी-शेजारी सुटतात आणि जी पुढे ती जिंकली. दुसरीत जोडी एकटी धावते आणि घड्याळ निकाल देते. पहिलीत डोळ्यांना मजा जास्त, भांडणेही जास्त. दुसरीत सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणी होते, जोड्यांचे गट पाडता येतात आणि पन्नास कोसांवरून आलेल्याला आपण हरलो हे मान्य करणे सोपे जाते. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट विदर्भात सर्वांत नावाजलेला. तिथे स्त्रियाही जोड्या हाकतात. झाडीपट्टीतले बहुतेक पट त्या मानाने लहान, गावच्या समितीने वर्गणीवर उभे केलेले.

महाराष्ट्रात इतरत्र हाच शौक वेगळ्या रूपात आहे. जुन्नर-आंबेगाव-खेडकडे ‘बैलगाडा’ घाटावर पळतो, त्यात चार बैल आणि पुढे घोडी असते आणि गाड्यावर हाकणारा नसतो. सांगली-साताऱ्याकडे मोठ्या शर्यतींत ट्रॅक्टर आणि चारचाकी बक्षिसाला लागतात. पूर्व विदर्भात मोटारसायकल लागली तरी ती मंडपापुढे उभी करून तिच्याभोवती गर्दी जमते. हा फरक ऐपतीचा आहे, शौकाचा नाही.

प्रत्यक्ष धाव काही सेकंदांची. झेंडी पडते, धूळ उठते, माइकवरचा माणूस जोडीचे आणि मालकाचे नाव ओरडतो, की संपले. मग पुढची जोडी आणून लावेपर्यंत बराच वेळ. नव्या माणसाला हा रिकामा वेळ कंटाळवाणा वाटतो. जाणकार त्याच वेळासाठी आलेला असतो. जोड्या जिथे बांधलेल्या असतात तिथे फिरायचे, खांदा, खूर, डोळा पाहायचा, किंमत विचारायची आणि ती ऐकून हसायचे, हा पटाचा अर्धा आनंद. उरलेला आलुबोंडा आणि जिलेबीच्या पालांवर आणि घरी. पटाच्या दिवशी लेकी-जावई, व्याही, मावळे असा सगळा गोतावळा उतरतो. कोणत्या घरी लग्नाची मुलगी आहे, कोणाचा मुलगा नोकरीला लागला, हे बांधावर बसून कळते. झाडीपट्टीतल्या कितीतरी सोयरिकी अशा ठरल्या.

नाटक. रात्री दहाच्या सुमारास पडदा उघडतो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. पटाला आलेला पाहुणा रात्री कुठे राहील, थंडीत काय करील, या प्रश्नाचे हे उत्तर होते. पुढे उत्तरच प्रश्नापेक्षा मोठे झाले. दंडार आणि खडीगंमत या जुन्या प्रकारांच्या शेजारी संगीत नाटके आली, कंपन्या झाल्या आणि वडसा (देसाईगंज) हे त्यांचे मुख्य ठाणे बनले. हंगामात कंपन्यांच्या कचेऱ्यांत गावोगावची मंडळे येऊन तारखा ठरवतात. या रंगभूमीवरचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना 2023 साली पद्मश्री मिळाली.

बंदी आणि पुनरारंभ. केंद्र सरकारने 11 जुलै 2011 च्या अधिसूचनेने बैलाचा समावेश प्रदर्शन व खेळांसाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांत केला. 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या जल्लिकट्टूबरोबर बैलगाडी शर्यतींनाही मनाई केली. बैलाची शरीररचना घोड्यासारखी धावण्यासाठी नाही, हे त्यातले एक कारण. 2016 च्या जानेवारीत केंद्राने दिलेली सूट काही दिवसांतच स्थगित झाली. महाराष्ट्राने 2017 साली 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली, तिला उच्च न्यायालयात अडसर आला, आणि 16 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अटींवर शर्यतींना परवानगी दिली. 18 मे 2023 रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तमिळनाडू, कर्नाटक आणि महाराष्ट्र या तिन्ही राज्यांच्या दुरुस्त्या वैध ठरवल्या.

2014 ते 2021 या सात वर्षांत पटशौकिनांनी जोड्या विकल्या, पोरे ट्रॅक्टरवर बसायला शिकली, आणि काही गावांनी पटाच्या तारखांना कबड्डीचे सामने ठेवले. नाटक मात्र थांबले नाही. ज्याच्या आधाराने वेल चढला तो मांडव काढून घेतला तरी वेल उभा राहिला, हे झाडीपट्टीच्या रंगभूमीचे मोठेच बळ म्हणावे लागेल. पण दिवसा येणारा पाहुणा तुटला तो तुटला.

आज पट भरवायचा तर जिल्हाधिकाऱ्यांची लेखी परवानगी, अनामत रक्कम, पशुवैद्यकाकडून बैलांची तपासणी आणि मैदानात उपचारांची सोय या गोष्टी आवश्यक आहेत. धाव 1,000 मीटरपेक्षा लांब नको. झाडीपट्टीतल्या पट्टीला ही मर्यादा जाचत नाही. काठी, चाबूक, तुतारी (टोकाला आर असलेली काठी), विजेचा धक्का, शेपूट पिरगाळणे यांना मनाई. भंग झाल्यास 5 लाख रुपयांपर्यंत दंड किंवा 3 वर्षांपर्यंत कैद. ‘आम्ही बैलाला लेकरासारखे वाढवतो’ हा शौकिनांचा बचाव खोटा नाही, पण अपुरा आहे. पोळ्याला ज्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळले, त्यालाच पटात तुतारीची आर टोचलेली लोकांनी पाहिली आहे, आणि बंदी त्यातूनच आली. ज्या समित्या धुरकऱ्याचे हात सुरुवातीच्या रेषेवरच तपासतात, त्यांचे पट टिकतील असे वाटते.

दुसरा धोका न्यायालयातला नाही. शेतकाम ट्रॅक्टरने होऊ लागल्यापासून गावात बैलच कमी उरले आहेत. पूर्वी पटाला येणारी माणसे खाचरांच्या रांगांनी येत, बैल सोडून बांधायला आणि तणस टाकायला वेगळी जागा राखावी लागे. आता त्या जागेवर मोटारसायकली आणि जिपा लागतात. परतीची वाट जंगलातून जाते, ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या बाजूला वाघांचा वावर वाढलेला आहे, म्हणून नाटक सुटल्यावर एकट्याने निघू नये. उजाडेपर्यंत यजमानाकडे थांबावे किंवा चार गाड्यांनी मिळून निघावे.

पाहायला जायचे असेल तर गोंदिया-बल्लारशा मार्गावरच्या वडसा किंवा नागभीड स्थानकावर उतरावे. संक्रांतीच्या सुमारास आज कोणत्या गावी पट आहे हे स्थानकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर कळते, आणि रात्री नाटक कोणते आहे हेही.