मधुमेह : गावाचे कवच विरते आहे

मधुमेह हा शहरी आणि सुखवस्तू माणसांचा विकार, असा समज आपल्याकडे खोलवर रुजलेला आहे. वसई गावालगतच्या होळीसारख्या वस्तीत तो विशेष तपासून पाहावा लागतो. होळी परिसर आज वसई-विरार महापालिकेचा भाग आहे. ही महापालिका ३ जुलै २००९ रोजी अस्तित्वात आली आणि २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या बारा लाखांवर गेल्याचे दिसून आले. मात्र वसईच्या पश्चिम पट्ट्यात केळीच्या, भाजीच्या आणि फुलांच्या वाड्या अद्याप आहेत. राहणी धड गावाची नाही आणि पुरती शहराचीही नाही. अशा ठिकाणी मधुमेहाचा धोका कोणत्या मापाने मोजायचा, हा खरा प्रश्न आहे.

आकडे काय सांगतात?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९७० च्या दशकात पुण्यासह देशातील सहा केंद्रांत पाहणी केली, तेव्हा शहरांत सुमारे २ टक्के, तर खेड्यांत १.५ टक्के लोकांना मधुमेह आढळला होता. याच परिषदेच्या 'इंडियाब' या देशव्यापी अभ्यासाच्या पहिल्या टप्प्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार महाराष्ट्राच्या शहरी भागात हे प्रमाण १०.९ टक्के आणि ग्रामीण भागात ६.५ टक्के होते. २०२३ मध्ये संपूर्ण देशाचे चित्र हाती आले. त्यात शहरी प्रमाण १६.४ टक्के, तर ग्रामीण ८.९ टक्के निघाले.

शहरात धोका अधिक, हे यावरून स्पष्ट होते. तथापि याच अहवालातील दुसरा आकडा अधिक बोलका आहे. रक्तातील साखर वाढलेली, पण मधुमेहाच्या मर्यादेपर्यंत न पोहोचलेली, अशी जी मधुमेहपूर्व अवस्था असते, तिचे प्रमाण शहरात १५.४ टक्के आणि गावात १५.२ टक्के होते. म्हणजे आजारात अंतर असले, तरी आजाराच्या उंबरठ्यावर गाव आणि शहर शेजारीशेजारी उभे आहेत.

कवच कष्टाचे होते

खेड्यातील माणसाला आजवर जे संरक्षण मिळाले, ते तेथील हवेमुळे नव्हे, तर अंगमेहनतीमुळे. स्नायू काम करतात तेव्हा ते रक्तातील साखर वापरतात आणि इन्शुलिनला अधिक चांगला प्रतिसाद देतात. बावखलातून पाणी काढणे, वाडी शिंपणे, भाजीच्या टोपल्या डोक्यावर घेऊन स्थानक गाठणे, हा एके काळी वसईतील अनेक कुटुंबांचा नित्यक्रम होता. पुढे विहिरीवर पंप आला, दारात दुचाकी आली आणि घरातील तरुण कार्यालयात बसून काम करू लागला. पानातील भाताचा ढीग मात्र तेवढाच राहिला. भारतीयांच्या आहारात सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते आणि त्यात पॉलिश केलेला तांदूळ, दळलेली धान्ये व साखर यांचा वाटा मोठा असतो, असे 'इंडियाब'च्या २०२५ मधील विश्लेषणात नमूद आहे.

सडपातळ शरीरातील चरबी

या कोड्याचा एक धागा पुण्याजवळच्या सहा गावांत सापडतो. के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९० च्या दशकात तेथील गर्भवती मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास सुरू केला. ही बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी होती. त्यांचे स्नायू अशक्त होते, पण त्वचेखालील चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. गर्भात कुपोषण सोसलेले शरीर पुढे मुबलक अन्न आणि अल्प श्रम यांच्या वाट्याला आले, तर ते साखर पेलू शकत नाही. कुपोषणाची दीर्घकाळ झळ सोसलेले जव्हार आणि मोखाडा हे तालुके ज्या पालघर जिल्ह्यात आहेत, तेथे हा निष्कर्ष दुर्लक्षून चालणार नाही. तेथील तरुण उपजीविकेसाठी शहराकडे येतो, तेव्हा तो हा धोका सोबत घेऊनच येतो.

मधुमेह केवळ श्रीमंतांचा राहिलेला नाही, हेही २०१७ मध्ये स्पष्ट झाले. आर्थिकदृष्ट्या पुढारलेल्या राज्यांतील शहरांत अल्प उत्पन्न गटातच तो अधिक आढळला. त्या पाहणीतील ४७ टक्के मधुमेहींना आपल्याला हा आजार आहे, हे आधी ठाऊकच नव्हते.

काय करावे?

चेन्नईतील डॉ. व्ही. मोहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये एक सोपी गुणपद्धती मांडली. वय, कमरेचा घेर, शारीरिक श्रम आणि आईवडिलांपैकी कोणाला मधुमेह आहे का, या चार गोष्टींवरून शंभरपैकी गुण दिले जातात. साठ किंवा अधिक गुण म्हणजे मोठा धोका. पुरुषांनी कमर ९० सेंटिमीटरच्या आणि स्त्रियांनी ८० सेंटिमीटरच्या आत ठेवावी. उपाशीपोटी साखर १२६ मिलिग्रॅम वा अधिक असल्यास मधुमेह समजला जातो. लक्षणे नसल्यास चाचणी पुन्हा करून खात्री केली जाते. राष्ट्रीय कार्यक्रमानुसार तीस वर्षांवरील प्रत्येकाची सरकारी आरोग्य केंद्रात तपासणी अपेक्षित आहे.

मधुमेहपूर्व अवस्थेतून परत फिरता येते, ही यातील दिलासा देणारी बाब होय. भारतातच झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत केवळ आहार व व्यायामातील बदलांनी तीन वर्षांत धोका सुमारे २८ टक्क्यांनी घटला. वसईचा हिरवा पट्टा राखण्यासाठी १९८९-९० च्या सुमारास फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि त्यांचे सहकारी उभे राहिले, तेव्हा प्रश्न जमिनीचा आणि पाण्याचा होता. वाड्या टिकाव्यातच, पण वाडीशेजारी राहण्याने साखर आटोक्यात राहत नाही. वाडीतले श्रम सुटले असतील, तर त्यांची जागा रोजच्या चालण्याने भरून काढावी लागेल आणि तिशीनंतर वर्षातून एकदा रक्त तपासून घ्यावे लागेल.