विजया (भांग) : संग्रहालयातील नमुना

कॅनाबिस सटायव्हा या झाडाची वाळलेली पाने. हे शास्त्रीय नाव लिनीअसने १७५३ मध्ये दिले. लामार्कने १७८५ मध्ये भारतीय प्रकार ‘इंडिका’ म्हणून वेगळा मानला; जाती दोन की एकच, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मादी झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा, राळ म्हणजे चरस, पाने म्हणजे भांग. संस्कृत पर्याय : विजया, भंगा, मातुलानी, इंद्राशन. मराठवाड्यात घरोघर शिजणाऱ्या अंबाडीचे पान दिसायला भांगेच्या पानासारखे असते. तिच्या शास्त्रीय नावातले ‘कॅनाबिनस’ याच साम्यावरून आले. नाते मात्र तेवढ्यापुरतेच, कारण अंबाडी जास्वंदीच्या कुळातली.

संग्रहालये : केवळ या झाडाला वाहिलेले संग्रहालय ॲमस्टरडॅमला १९८५ मध्ये निघाले, २०१२ पासून त्याची शाखा बार्सिलोनात आहे. आपल्याकडे भांगेचा नमुना शोधायचा तो महाविद्यालयांच्या कपाटांत. आयुर्वेद महाविद्यालयांना वनौषधी उद्यान आणि द्रव्यगुण संग्रहालय ठेवावे लागते, तर वैद्यकीय महाविद्यालयांत न्यायवैद्यक विभागाकडे विषद्रव्यांचा संग्रह असतो. उदाहरणार्थ, नांदेड शहरात शासकीय आयुर्वेद महाविद्यालय व रसशाळा आहे, तर गोदाकाठी विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. द्रव्यगुणाच्या हिशेबात भांग म्हणजे तिक्त रस, उष्ण वीर्य, दीपन, पाचन, ग्राही. न्यायवैद्यकाच्या हिशेबात धोतऱ्याशेजारचे भ्रमकारी विष. दोन्ही वर्णने आपापल्या जागी बरोबर आहेत. ‘रसतरंगिणी’ हा रसशास्त्राचा ग्रंथही तिला उपविषांतच घालतो, हे औषधपक्षाचे कैवारी सोयीने विसरतात.

शोधन व कल्प : अशुद्ध भांग औषधात घेत नाहीत. पाने कापडात बांधून धुण्याचे पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावीत, सावलीत वाळवावीत आणि गाईच्या तुपात मंद आचेवर परतावीत. गाईच्या दुधात स्वेदन करण्याचाही पाठ आहे. तिचा प्रसिद्ध कल्प जातीफलादि चूर्ण. जायफळ, लवंग, वेलची, तमालपत्र, दालचिनी, सुंठ, मिरी, पिंपळी, चित्रक, वावडिंग इत्यादी २० द्रव्ये प्रत्येकी १ भाग, शुद्ध भांग २० भाग, साखर ४० भाग. म्हणजे चूर्णाचा चौथा हिस्सा भांगच, तरी नाव मात्र जायफळाचे. ग्रहणी व अतिसारात ते देतात. मदनानंद मोदक व त्रैलोक्यविजया वटी हे इतर कल्प. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या ‘ई-१’ अनुसूचीत, म्हणजे विषारी द्रव्यांच्या यादीत, भांग आहे (बिया वगळून). अशा औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते.

धार्मिक : शिवरात्र व होळीशी भांगेचा संबंध सर्वश्रुत. शिखांतील निहंग परंपरेत बदाम, मिरी, खसखस यांसह घोटलेल्या भांगेला ‘सुखनिधान’ वा ‘शहीदी देग’ म्हणतात. तख्त सचखंड हुजूर साहिब या शीख धर्मस्थानामुळे नांदेडला निहंगांचे येणे-जाणे जुने आहे. शीख रहत मर्यादा ही आचारसंहिता भांगेसह सर्व मादक पदार्थ निषिद्ध ठरवते. निहंग ही देग परंपरेचा भाग मानतात. हा वाद या कोशाच्या कक्षेबाहेरचा.

कायदा : ब्रिटिश सरकारने १८९३ मध्ये नेमलेल्या हेंप ड्रग्ज आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि सरसकट बंदी नको, असे मत दिले. नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात, म्हणजे ब्रिटिश मुलखाबाहेर होते. १९८५ च्या अमली पदार्थविरोधी केंद्रीय कायद्यातील गांजाच्या व्याख्येतून शेंड्यांशिवायची पाने व बिया वगळल्या आहेत. म्हणून भांग त्यातून सुटते. महाराष्ट्रात मात्र ती १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखाली येते आणि परवान्याशिवाय बाळगता येत नाही.

लागवड : ब्रिटिश काळात मुंबई इलाख्यात मुख्यतः अहमदनगर जिल्ह्यात, गांजासाठी.